एक शब्द, अनेक धनी

नोकरीच्या निमित्ताने ज्यांना मुलूख सोडावा लागला अशा मराठी माणसांना एक अनुभव हटकून येतो. नव्या ठिकाणी रुजू होण्याचा पहिला दिवस असतो, हजेरीपुस्तकात नाव चढत असते आणि ते चढविणारा कारकून मध्येच लेखणी थांबवून वर पाहतो. आमच्या आडनावाच्या शेवटी 'कर' आहे. १९८३ साली मध्य प्रदेशातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी आमची बदली झाली, तेव्हा तेथील बडे बाबूंनी असेच वर पाहिले आणि अत्यंत अदबीने विचारले, "साहब, यह 'कर' के बाद क्या है?" आम्हांला प्रश्नाचा रोख कळेना. मग त्यांनीच उलगडा केला. हिंदीत 'खाकर', 'जाकर', 'देखकर' असे म्हटले की ऐकणारा पुढच्या क्रियापदाची वाट पाहतो. खाऊन काय केले, जाऊन काय केले, हे कळल्याखेरीज वाक्य पुरे होत नाही. बडे बाबूंच्या कानांना आमचे आडनाव म्हणजे कोणी अर्ध्यावर सोडून दिलेले वाक्य वाटत होते.

कार्यालयात हशा पिकला आणि आम्हीही त्यात सामील झालो. परंतु संध्याकाळी मुक्कामी परतल्यावर तो प्रश्न मनातून जाईना. आमचे खाते कराचे, आमच्या आडनावात कर, सहीसाठी उचलावयाचा हातही संस्कृतात करच. एवढ्याशा दोन अक्षरांनी आमच्या आयुष्याला असा तिहेरी वेढा दिला होता आणि आम्ही त्यांच्याकडे कधी नीट पाहिलेही नव्हते. त्या दिवसापासून या शब्दाचा आम्ही जो पिच्छा पुरविला, त्यातून एक प्रश्न उभा राहिला. तो प्रश्न व्याकरणाचा आहे असे आम्हांला प्रथम वाटले होते. तो तसा नव्हता, हे पटण्यास आमच्या हातून एक अन्याय घडावा लागला.

प्रथम शब्दाचे पाहू. अमरकोशाच्या नानार्थवर्गात 'कर' या शब्दाचे तीन अर्थ एकत्र दिले आहेत : राजाला द्यावयाचा भाग, हात आणि किरण. परंतु एकत्र दिले म्हणजे ते एका घरचे झाले असे नव्हे. मोनियर विल्यम्स यांच्या १८९९ च्या संस्कृत कोशात या शब्दाची वाटणी सरळ धातूंवर केलेली आहे. 'कृ' म्हणजे करणे. त्यापासून झालेला 'कर' म्हणजे करणारा, आणि म्हणून हात. हत्तीला हाताचे काम सोंडेने करावे लागते म्हणून सोंडही कर. हात दोन असतात म्हणून दोन या संख्येलाही कर हा संकेत. ही सारी एका आईची लेकरे होत. 'कॄ' हा दीर्घ ऋकाराचा धातू मात्र निराळा. त्याचा अर्थ विखुरणे, ओतणे, उधळणे असा. सूर्यापासून जो विखुरतो तो किरण, म्हणून तो कर. प्रजेकडून राजाच्या कोठारात जो ओतला जातो तो महसूलही कर. म्हणजे ज्या हाताने आपण कर देतो किंवा घेतो, त्या हाताशी त्या कराचे रक्ताचे नाते काही नाही. एका ऋकाराचे ऱ्हस्वदीर्घत्व झिजून गेले आणि दोन परकी माणसे एकाच नावाने वावरू लागली.

मराठीत तर या वाड्यात आणखी बिऱ्हाडे येऊन राहिली. 'तू हे काम कर' यातला कर हे आज्ञार्थी क्रियापद, 'कृ' धातूच्या थेट वंशातले. सणाच्या दुसऱ्या दिवसाला 'कर' म्हणतात. ही कर स्त्रीलिंगी. संक्रांतीची कर, होळीची कर, आणि विदर्भातील वाचकांना तर पोळ्याची कर सांगावयास नकोच. त्या दिवशी नागपुरात मारबतींची मिरवणूक निघते. पंचांगवाले ज्याला करिदिन म्हणतात आणि शुभकार्याला वर्ज्य मानतात, त्याचा संबंध ना हाताशी ना महसुलाशी. आणि आडनावातला कर? 'दिनकर' म्हणजे दिवस करणारा, 'शंकर' म्हणजे कल्याण करणारा. पण म्हणून सोलापूरकर म्हणजे सोलापूर करणारा नव्हे. तेथे कर म्हणजे केवळ 'तेथला'. नीरेकाठच्या होळ गावचे म्हणून होळकर. मल्हाररावांनी माळव्यात राज्य उभे केले, अहिल्याबाईंनी महेश्वराहून ते १७९५ पर्यंत चालविले, तरी नावातून होळ सुटले नाही. आमच्या गावी आमच्या आजोबांच्या मागे आमचे कोणी राहिले नाही. ज्या गावाचे आम्ही म्हणून ओळखले जातो, तेथे आम्ही सलग दोन रात्रीही काढलेल्या नाहीत. आणि बंगालात व ओडिशात तर 'कर' हे मागेपुढे काहीही नसलेले पूर्ण आडनावच आहे.

याच्या उलट गंमत अशी की जेथे कर दिसतो तेथे तो नसतोही. 'नोकर' हा शब्द मंगोल भाषेतून फारसीमार्गे आला. मूळच्या 'नोकोर'चा अर्थ सोबती, साथी. सरदाराच्या पदरी स्वेच्छेने राहणारा जिवलग. 'चाकर' फारसीतून आला. या दोन्हींत आपला कर नाही. आणि जेथे तो दिसत नाही तेथे त्याचे सगोत्र असतात. फारसी 'कार' म्हणजे काम, आणि तो शब्द व संस्कृत 'कृ' ही एकाच भारत-इराणी मुळाची फळे. त्यातून 'कारकून' आला, 'सरकार' आले. म्हणजे व्युत्पत्ती पाहू गेल्यास सरकार हे हाताचे नातलग ठरते, आणि सरकारचा कर मात्र हाताचा कोणीच लागत नाही!

अशा योगायोगांचे मनुष्याला विलक्षण आकर्षण असते. दोन अर्थ एका शब्दात भेटले की त्यांत काहीतरी गूढ संकेत असला पाहिजे असे वाटू लागते. किरण आणि महसूल एका नावाचे. तेव्हा राजाने सूर्याप्रमाणे घ्यावे आणि सूर्याप्रमाणे द्यावे, असा बोध त्या शब्दातच दडला आहे, असे प्रतिपादन आम्ही सभांतून अनेकदा ऐकले आहे. सांगणारे बहुधा कालिदासाचा हवाला देतात. रघुवंशाच्या पहिल्या सर्गात दिलीप राजाविषयी ती उपमा आहे हे खरे. प्रजेच्या भल्यासाठीच तो घेत असे, जसा सूर्य हजारपटीने परत देण्यासाठी पाणी शोषून घेतो. परंतु मूळ श्लोक उघडून पाहावा. तेथे महसुलाला कालिदासाने 'बलि' हा शब्द वापरला आहे, 'कर' नव्हे. श्लेष हाताशी होता, कवी कालिदासासारखा होता, आणि तरीही त्याने तो घेतला नाही. त्याची उपमा शब्दाच्या योगायोगावर उभी नाही, ती कृतीच्या साम्यावर उभी आहे. सूर्य परत देतो म्हणून राजाने द्यावे. दोघांचे नाव एक आहे म्हणून नव्हे. शब्दातून नीती निघत नाही, ती वागण्यात असावी लागते, हे या एका शब्दनिवडीवरून आम्ही शिकलो.

मग अनेकार्थी शब्दापासून शिकण्यासारखे काहीच नाही काय? आहे, पण ते त्याच्या अर्थांत नसून त्या अर्थांतून नेमका एक निवडण्याच्या रीतीत आहे. आपल्याकडील शब्दशास्त्रात हा विचार फार जुना. भर्तृहरीने सुमारे पाचव्या शतकात रचलेल्या वाक्यपदीयाच्या दुसऱ्या कांडात हा वाद येतो. एका उच्चाराचे अनेक अर्थ असतात तेव्हा तो शब्द एक मानावा की जितके अर्थ तितके शब्द मानावेत? दोन्ही पक्ष तेथे मांडलेले आहेत. व्यवहारात त्याहून महत्त्वाचा प्रश्न पुढचा : ऐकणाऱ्याने यांतला कोणता अर्थ घ्यावा, हे कशावरून ठरवावे? त्यासाठी भर्तृहरीने साधनांची एक यादीच दिली आहे. साहचर्य, विरोध, प्रयोजन, प्रकरण, औचित्य, देश, काल, इत्यादी. पुढील शास्त्रकारांनी दिलेली उदाहरणे मोठी मार्मिक आहेत. 'सैंधव' म्हणजे मीठही आणि सिंधुदेशीचा घोडाही. धनी जेवावयास बसला असता 'सैंधव आण' म्हणाला तर मीठ आणावयाचे, प्रवासाला निघाला असता म्हणाला तर घोडा. 'राम आणि लक्ष्मण' म्हटले तर तो राम दशरथाचा. राम आणि कार्तवीर्य अर्जुन असे म्हटले तर तो परशुराम, कारण तेथे वैराची जोडी आहे.

या उदाहरणांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती सहज नजरेतून निसटते. बोलणाऱ्याने संदिग्ध शब्द वापरला. पण तो उलगडण्याचे काम ऐकणाऱ्याने करावयाचे. जेवणाऱ्या धन्यापुढे जो घोडा आणून उभा करील, तो 'शब्दच दुहेरी होता' असे म्हणून सुटू शकत नाही. त्याने डोळे उघडून पानाकडे पाहावयास हवे होते. जो पाहू शकतो, त्याने पाहिले पाहिजे. भाषेचा सारा व्यवहार या न बोललेल्या करारावर चालतो. म्हणूनच 'कर' या शब्दात इतकी बिऱ्हाडे नांदत असूनही मराठी माणसाचे कधी अडत नाही. 'कर भरला', 'कर जोडले', 'लवकर कर', 'उद्या कर आहे' ही चार वाक्ये एका दमात ऐकणाराही गोंधळत नाही, कारण तो ऐकताना नुसता शब्द ऐकत नाही, भोवतालही ऐकतो.

आता तो प्रसंग सांगतो. आमच्या त्या जिल्ह्याच्या गावी एका धान्यव्यापाऱ्याकडे विक्रीकराची बाकी होती. दुकान बंद करून तो जागा सोडून गेलेला. त्याच्या नावे काढलेली नोटीस घेऊन शिपाई मोहल्ल्यात गेला आणि नाव विचारीत विचारीत ज्याला ती बजावून आला, तो त्याच नावाचा दुसरा मनुष्य होता. वडिलांचे नावही तेच. हा पत्र्याच्या ट्रंका बनविणारा कारागीर. आम्हां फिरस्त्या नोकरदारांच्या संसाराचा अर्धा भार ज्या ट्रंकांत मावतो, त्या ट्रंका.

तो आमच्याकडे तीनदा आला. पहिल्यांदा त्याने सांगितले, तो मी नव्हे. आम्ही म्हणालो, अर्ज द्या. दुसऱ्यांदा तो कोणाकडून तरी लिहून घेतलेला अर्ज घेऊन आला. त्यावर पुरावा जोडलेला नव्हता म्हणून आम्ही तो परत केला. पुरावा कशाचा? आपण दुसरे कोणी नाही, याचा! तिसऱ्या खेपेस त्याने कागद आणलाच नाही. त्याने दोन्ही हात पालथे-उताणे करून आमच्या टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "साहब, ये हाथ देख लीजिए. ये गल्ला तौलनेवाले हाथ हैं?" पत्र्याच्या कडांनी बोटे जागोजाग कापलेली होती, नखांत काळे भरलेले होते. आम्ही पाहिले, आणि पाहून पुन्हा फाइलीकडे वळलो. वर्षअखेर जवळ आली होती. थकबाकीचे तक्ते वर पाठवावयाचे होते. बाकी चुकविण्यासाठी लोक काय काय सोंगे करतात याचा अनुभवही गाठीशी होता. त्या अनुभवाचा आम्हांला अभिमान होता, हेही येथे कबूल केले पाहिजे.

त्याने अकराशे चाळीस रुपये दोन हप्त्यांत भरले. कोणत्या वस्तू विकून, ते आम्ही विचारले नाही.

वर्षभराने दुसऱ्याच कामासाठी ती फाइल आमच्यापुढे आली. व्यापाऱ्याने पूर्वी भरलेल्या विवरणपत्रांवर वळणदार सही होती. हप्त्यांसाठी केलेल्या अर्जावर डाव्या अंगठ्याचा ठसा होता. दोन्ही कागद एका दोऱ्यात बांधलेले, एकाखाली एक. हिशेबी वळणाने सही करणारा मनुष्य दोन वर्षांत अक्षरशत्रू होत नाही. नाव एक होते, बापाचे नाव एक होते, मोहल्ला एक होता. निराळा होता तो फक्त हात. आणि तो हात आमच्या टेबलावर आलेला होता.

आमच्या कार्यालयीन भाषेत फाइलीला 'प्रकरण' म्हणतात. त्या दुपारी हा शब्द आम्हांला प्रथमच टोचला. भर्तृहरीच्या यादीत संदिग्ध शब्दाचा खरा अर्थ दाखविणारे एक साधन म्हणून 'प्रकरण' सांगितले आहे. म्हणजे बोलण्याचा प्रसंग, त्याचा भोवताल. तोच शब्द आम्ही अशा पुडक्याला दिला होता, की ज्याने भोवताल दाखविण्याऐवजी झाकून टाकला. शास्त्रातले प्रकरण माणसाकडे पाहावयास लावते. आमच्या प्रकरणाने माणूस समोर उभा असताना आमची मान खाली घातली.

परताव्याचा प्रस्ताव आम्ही त्याच आठवड्यात केला. घेताना आमची एक सही पुरली होती, परत देताना पाच सह्या लागणार होत्या. आम्ही त्या कारागिराचे दुकान शोधीत गेलो. ते बंद होते. तो दुसऱ्याच्या दुकानात मजुरीने काम करीत होता. आम्ही चूक सांगितली, क्षमा मागितली, पैसे परत मिळतील असे म्हटले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने एवढेच विचारले, "तो अब काग़ज़ में मेरा नाम मेरा ही है न?" पैशाचे त्याने विचारले नाही. परतावा मंजूर झाल्याचे पत्र आमच्या हाती पडले तेव्हा आमची तेथून बदली झालेली होती.

त्या प्रश्नावर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. शब्दाला अनेक अर्थ असले म्हणून शब्दाचे काही जात नाही. हात, किरण, महसूल, सण आणि गाव यांनी एक नाव वाटून घेतले तरी त्यांतला कोणीही उपाशी राहिला नाही. पण एका नावाची दोन माणसे असली आणि ती ओळखावयास कोणी तयार नसला, तर त्यांतल्या दुबळ्याचे नाव त्याच्या हातातून जाते. मग दुसऱ्याची देणी त्याच्या अंगावर येतात. संदिग्धता हा दोष नव्हे. भाषेत ती आहे, व्यवहारात आहे, आणि राहणार. प्रश्न नीतीचा आहे तो असा, की संदिग्धता उलगडण्याचे ओझे कोणी वाहावयाचे? भाषा म्हणते, ज्याच्याजवळ पाहण्याची साधने आहेत त्याने. आम्ही ते ओझे त्याच्यावर टाकले, ज्याच्याजवळ स्वतःच्या हातांखेरीज काहीही साधन नव्हते. नोंदवह्या आमच्याजवळ, जुन्या सह्या आमच्याजवळ, चौकशीला पाठवावयाची माणसे आमच्याजवळ. आणि 'सिद्ध कर' असे आम्ही त्याला सांगितले.

आमचे काही सहकारी यावर आक्षेप घेत, आणि तो आक्षेप हलका नाही. ते म्हणत, प्रत्येक नावाची अशी शहानिशा करीत बसल्यास वसुली होणार कशी? 'तो मी नव्हे' असे म्हणणाऱ्या शंभरांत खरे किती? आणि जो कर बुडतो तो शेवटी प्रामाणिक माणसावरच पडतो. हे सारे खरे आहे. अधिकाऱ्याने शंका घेऊ नये असे आमचे म्हणणे नाही. शंका घेणे त्याचे कामच आहे. परंतु शंका घेण्याचा अधिकार आणि ती फेडण्याचा खर्च ही दोन निराळी खाती आहेत. पहिले आपल्याकडे ठेवून दुसरे समोरच्याच्या नावे मांडावयाचे, हा खोटा जमाखर्च होय.

कायद्याने हे तत्त्व आपल्या परीने ओळखलेले आहे. राज्यघटनेच्या २६५ व्या अनुच्छेदाप्रमाणे कायद्याच्या अधिकाराखेरीज कोणताही कर बसविता किंवा वसूल करता येत नाही. कर आकारणाऱ्या कलमाच्या शब्दांतच शंका राहिली तर तिचा फायदा करदात्याला द्यावा, हा न्यायालयांचा जुना दंडक. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१८ साली सीमाशुल्काच्या एका खटल्यात तो कायम ठेवला. करातून सूट देणाऱ्या अधिसूचनेत मात्र शंका असेल तर तिचा फायदा सरकारला मिळावा, असेही त्याच निकालात ठरले. आम्ही कायदेपंडित नाही. पण साध्या माणसाच्या बुद्धीने पाहता या दोन्ही भागांत एकच न्याय दिसतो. जो दुसऱ्याकडे काही मागावयास जातो, त्याने आपले शब्द स्वच्छ करून न्यावेत. सरकार कर मागते तेव्हा सरकारने. नागरिक सूट मागतो तेव्हा नागरिकाने. शब्दांना लावलेला हा नियम माणसांना लावावयास हरकत कोणती? विक्रीकर आता गेला, २०१७ पासून वस्तू आणि सेवा कर आला. व्यापाऱ्याच्या नावाबरोबर आता पंधरा अंकी क्रमांक असतो आणि दोन क्रमांक सारखे नसतात. सोय मोठीच झाली. पण क्रमांक ज्याच्या नावे लिहिला तो मनुष्य हाच की नव्हे, हे अजून कोणीतरी मान वर करूनच पाहावे लागते.

परमुलखात राहणाऱ्या आमच्या वाचकांना हे निराळे सांगावयास नको. आपण स्वतःच तेथे संदिग्ध शब्द असतो. आपले नाव उच्चारताना लोक अडखळतात, एका कराचे दुसऱ्याशी मिसळतात, आपल्या गावावरून भलताच अर्थ काढतात. त्या वेळी कोणी क्षणभर थांबून, आपल्याकडे नीट पाहून विचारले की किती बरे वाटते! बडे बाबूंनी त्या पहिल्या दिवशी तेच केले होते. त्यांना आमचे नाव कळले नाही, म्हणून त्यांनी लेखणी थांबविली आणि आम्हांलाच विचारले. त्यांच्या त्या प्रश्नाला आम्ही विनोद समजलो. ट्रंकवाल्याच्या बाबतीत एवढेही आम्ही केले नाही.

कार्यालयीन भाषेत 'कर' हे आज्ञार्थी रूप फारसे आढळत नाही. तेथे 'करावे' असते, 'करण्यात यावे' असते. 'वसुली करण्यात यावी' या वाक्यात वसुली आहे, पण करणारा कोठेच नाही. हात कापून काढलेले ते वाक्य आहे. आम्ही अशी वाक्ये हजारोंनी लिहिली, आणि त्या नोटिशीच्या तळाशीही तेच होते. नुसता 'कर' असा शब्द आम्हांला म्हणणारी माणसे घरची होती. आई म्हणे, शिक्षक म्हणत, थोरला भाऊ म्हणे. त्या एकेरी शब्दात काम कोणाचे याविषयी संदेह राहत नसे. ती माणसे आता राहिली नाहीत. तेव्हा उरलेल्या दिवसांत हा शब्द आमचा आम्हांलाच म्हणावा लागतो. बडे बाबूंनी विचारले होते, 'कर'च्या पुढे काय? पुढे काही नाही, हे आता त्यांना सांगता आले असते. वाक्य तेथेच पुरे होते.